छत्रीचा दांडा

बनारसच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून मशिदीच्या अंगाला न जाता डावीकडच्या बोळात शिरलं की थोडं पुढे एक दगडी अंगण लागतं. गेल्या चैत्रात त्या अंगणाच्या पार टोकाला, तुळशीपाशी, मी भर उन्हात अडकून उभा होतो. पाठीशी भिंत, आणि समोर थेट दारापर्यंत मीच रांगोळीनं काढलेलं चैत्रांगण. बाहेर पडायला वाट नव्हती. होती ती माझ्याच चित्रावरून जात होती. दारात बरीच माणसं जमली होती. त्यांत एक फोटोवाला होता, आणि इथल्या मराठी मंडळाचे सचिव जोशीजी हातात माईक धरून होते. त्यांनी आवाज खाली आणला आणि लोकांना सांगितलं, "शांत रहा. सर ध्यानात आहेत."

सर ध्यानात नव्हते. सर घाबरले होते.

असं अडकणं ही चैत्रांगण काढणाऱ्यांचीच खास चूक आहे. रांगोळी काढताना माणसानं मागे सरत यायचं असतं. टोकाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, चिमटीतून रेघ सोडत उकिडव्यानं मागे मागे यायचं आणि शेवटी उंबऱ्याबाहेर पडायचं. चित्र आत, काढणारा बाहेर. मी दारापासून सुरुवात केली होती, कारण फोटोवाला दारात होता आणि माझं तोंड त्याच्याकडे असावं अशी त्याची इच्छा होती. माझीही होती. तेव्हा मी कॅमेऱ्याकडे तोंड करून, सत्काराची शाल खांद्यावर सावरत, व्यवस्थित मागे सरत सरत कोपऱ्यात जाऊन पोचलो.

हीच चूक, ह्याच अंगणात, ह्याच तुळशीपाशी मी पूर्वी एकदा केली होती. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तेव्हा दारात आत्या होती. आत्ताही होती. वेताच्या मोढ्यावर बसून, काठी गुडघ्यांत धरून ती माझ्याकडे बघत होती. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होती, आणि कारण मला ठाऊक होतं.

यमुनाआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. गंगेच्या काठी जन्मलेल्या मुलीचं नाव यमुना ठेवणं हा आजोबांनी आयुष्यात केलेला एकुलता एक विनोद, असं ती सांगे. गल्लीत हे नाव फारसं कोणी घेत नसे. नावाडी, दूधवाला, लहानथोर सगळ्यांची ती 'बुआजी'. "बुआजी से पूछो" आणि "बुआजी से मत उलझो" ही दोन वाक्यं मी लहानपणी सारखीच ऐकली.

कोपऱ्यात उभं राहिल्यावर आधी जाणवला तो गेरूचा वास. आत्याचं हे अंगण जुनं मराठी म्हणून मंडळानंच माझ्या कार्यक्रमासाठी निवडलं आणि गेरूनं सारवून घेतलं होतं. त्यात दुकानचा काहीतरी रंग मिसळला होता असा मला संशय आहे, पण तापल्या दगडावर वाळणाऱ्या ओल्या मातीचा वास तोच होता. आणि त्या वासाला धरून सगळा चैत्र वर आला.

तेव्हाचा बनारसचा चैत्र. होळीचे रंग भिंतींवरून अजून पुरते गेलेले नसत. कडुलिंबाचा बारीक मोहर पहाटेपर्यंत अंगणात सांडलेला असे आणि झाडताना त्याचा कडसर-गोड वास आधी झाडूला लागे, मग हाताला. खालून घाटाच्या ओल्या दगडांचा आणि निर्माल्याचा वास येई. बोळातून कचोरीच्या कढईचा. मशिदीतली पहाटेची अजान संपता संपता नावाड्यांच्या हाका सुरू होत, आणि मग मंगळागौरीच्या देवळाची घंटा, जी कोणी ना कोणी दुपारपर्यंत वाजवतच राही. चैत्रात तिथं नऊ गौरींची यात्रा असते, रोज एका गौरीचं दर्शन. ओल्या पातळांच्या बायका हातात जास्वंदीच्या माळा घेऊन आमच्या बोळातून जात. आमच्या मराठी घरातली गौर त्यांच्या यात्रेत मोडत नसे. ती घरातच झोपाळ्यात बसायची, महिनाभर माहेरपण भोगायची, आंबेडाळ खायची, पन्हं प्यायची. "आपली गौर बिन-बुलायी आहे," आत्या म्हणे. "म्हणून तिची बडदास्त जास्त ठेवायची."

ती बडदास्त म्हणजे चैत्रांगण. माहेरी आलेल्या गौरीला लागेल ते सगळं जग तिच्या दारात मांडायचं. सूर्य, चंद्र, तुळस, कासव, नाग, हत्ती, शंख, फणी, करंडा, आंबा, पाळणा, तिची स्वतःची इवली पावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते झाडायचं, अंगण धुवायचं, गेरूचा हात फिरवायचा आणि पुन्हा मांडायचं. काल काय छान जमलं होतं, याची चर्चा नाही. कालचा हत्ती केराच्या सुपलीत गेलेला असे.

आत्याची रांगोळी मूर्तिकारांच्या गल्लीतून येई. संगमरवराच्या मूर्ती घडवताना जो चुरा पडतो तो ती आणवायची आणि जुन्या धोतरातून गाळून घ्यायची. "देव घडवताना जे नको म्हणून काढलं, ते हे," गाळताना ती म्हणे. त्यात मोठं तत्त्वज्ञान आहे असं मला पुढे वाटायला लागलं आणि मी ते मुलाखतींतून वापरलं. तिला फक्त सांगायचं होतं की फुकट मिळतं.

रेघ पडताना आवाज येत नाही असं लोकांना वाटतं. येतो. पहाटे, नावाडी जागे व्हायच्या आधी, चुऱ्याचा दगडावर पडण्याचा एक बारीक, कोरडा आवाज येई. कोणी दूर कुठेतरी रेशमी कापड ओढून नेत असल्यासारखा. आत्या उकिडवी बसून मागे सरत असे. तिची पाठ आधी दिसे, चित्र मागाहून. मी दारात वाटी धरून बसलेला असे. तिची पाठ हळूहळू मोठी होत माझ्या अंगावर यायची, आणि ती "सरक" म्हणाली की समजायचं, आजचं संपलं. मग ती उभी राही, कमरेवर हात ठेवून बघे, आणि शेजारणी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणे, "छान झालंय."

हे तिचं 'छान झालंय' आमच्या मराठी घरांत बदनाम होतं. आपल्या हातच्या वस्तूला आपणच छान म्हणणं म्हणजे काय! बाकीच्या बायका स्वतःच्या आंबेडाळीला सुद्धा "मीठ कमीच पडलंय, गोड मानून घ्या" म्हणणाऱ्या. आत्याला ते जमत नसे. "कमी पडलं असेल तर घाला की," ती म्हणे. एकदा कोण्या मोठ्या साहेबांच्या पत्नीनं निरोप पाठवला, बंगल्यावर पाहुणे आहेत, येऊन आमच्या हॉलमध्ये ते काढून द्या. आत्यानं उलट निरोप धाडला, अंगण इथं घेऊन या, काढून देते. माझे वडील नोकरीतले माणूस. ते आठवडाभर त्या साहेबांच्या नजरेस पडणं टाळत होते. घरात बोलणं होई ते असंच: हिला केवढा गर्व! मीही तेच ऐकत वाढलो. गर्व कसा दिसतो, हे मला लहानपणीच पाठ झालं होतं. तो उकिडवा बसलेला असतो आणि त्याच्या हाताला पांढरा चुरा लागलेला असतो.

आणि छत्री. तिचं सांगायलाच हवं.

घाटावर पंडे ज्या मोठ्या, गोल, बांबूच्या छत्र्यांखाली बसतात, तशी एक छत्री एका चैत्रात आत्यानं गौरीच्या पाळण्यावर काढली. ते वर्ष फार उन्हाचं होतं. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका दारातच थबकल्या. त्यांतल्या एक काकू शास्त्राच्या बाबतीत कडक होत्या.

"यमुनाताई, हे कुठलं? चैत्रांगणात छत्री नसते. शास्त्रात नाही."

"शास्त्र लिहिणारे बसले असतील पुण्यात, आंब्याच्या सावलीत," आत्या म्हणाली. "त्यांनी इथली धूप पाहिलीय का? पोरगी उन्हात माहेरी आली, तिच्या डोक्यावर काही नको?"

"पण असं आपल्या मनानं..."

"मग कोणाच्या मनानं काढू? तुमच्या? बसा, डाळ घ्या. मीठ बरोबर पडलंय."

त्यानंतर छत्री राहिली. काही वर्षांनी त्या काकूंच्याही अंगणात आली. छत्रीचा दांडा आत्या एका दमात ओढायची, वरून खाली, सरळ, मध्ये बोट न उचलता. तो ओढताना ती श्वास धरून ठेवी आणि मीही नकळत धरे. रेघ टेकली की आम्ही दोघं एकदम श्वास सोडत असू. त्याइतकं जवळचं मला नंतर कोणाबरोबर फारसं काही वाटलेलं नाही.

त्याच सुमाराला कधीतरी मी पहिल्यांदा अडकलो. आत्या मंगळागौरीला गेली असताना तिला चकित करावं म्हणून मी एकट्यानं चैत्रांगण काढायला घेतलं, आणि घाईत दारापासूनच. ती परत आली तेव्हा मी तुळशीला टेकून उभा होतो. मी पाय उचलला मात्र.

"खबरदार! काढलेल्यावर पाय नाही."

"मग मी येऊ कसा?"

"ते काढताना विचारायचं."

मी तिथंच उभा राहिलो. हळदीकुंकवाच्या बायका आल्या, हसल्या, एकीनं भिजवलेले हरभरे लांबूनच माझ्याकडे फेकले. त्यांतले थोडे माझ्या हत्तीवर पडले. आत्या कोणालाही हसू देत होती, पण आत येऊ देत नव्हती. दिवेलागणीला सगळ्या गेल्यावर तिनं झाडू आणला, दारापासून माझ्यापर्यंत एक अरुंद वाट झाडली आणि हात पुढे केला. झाडूनं मोडायचं, पायानं नाही. हा तिचा कायदा होता. मी रडत होतो. वाट झाडताना ती माझा हत्ती वळसा घालून चुकवून आली होती, हे मला त्या वेळी दिसलं नाही.

मग बनारस सुटलं. कसं, का, ते सोडून देतो. सगळ्यांचं सुटतं तसं सुटलं. सुटलेल्या गोष्टींत ती पितळी वाटी होती, रेशमासारखा तो आवाज होता, पन्ह्यातल्या वेलदोड्याचा वास होता, आणि पलीकडच्या रामनगरच्या बाजूच्या वाळूवर सकाळी पडणारा तो फिका, कोणाच्याच मालकीचा नसलेला उजेड होता. मी मोठ्या शहरात गेलो, कॅनव्हास उभा करून काढायला शिकलो. उभ्या कॅनव्हासचा एक फायदा असतो. तुम्ही त्याच्यापुढे उभे राहता, आणि लोक दोघांना एकत्र बघतात.

माझी चित्रं लोकांना आवडली. लाल गेरूची जमीन, पांढरी रेघ आणि कुठेतरी एक छत्री. छत्री ही माझी सही झाली. कोणी लिहिलं, ही छत्री म्हणजे विस्थापिताचं छप्पर आहे. कोणी लिहिलं, तिचा वाकडा दांडा आपल्या काळाचं भंगलेपण दाखवतो. दांडा वाकडा होता कारण एका दमात सरळ ओढणं मला कधीच जमलं नाही. मी मान डोलावली. गप्प राहणं हे नम्रतेतच धरतात.

नम्रतेत मी पुढे बराच तयार झालो. मोठ्या लोकांच्या पोकळ डौलाची मला पहिल्यापासून चीड. सिंहासनासारख्या खुर्च्या, मानपत्रं, 'सरस्वतीचे वरदपुत्र' वगैरे. म्हणून मी खुर्ची नाकारायचो आणि स्टेजवर खाली बसायचो. हार गळ्यात पडताच काढून शेजारच्याला घालायचो. भाषणात म्हणायचो, मी कोण? निमित्त. ह्या कलेवर माझा काही हक्क नाही, ती मला घाटांवरच्या अनाम स्त्रियांनी दिली. 'अनाम' म्हणायच्या आधी मी किंचित थांबत असे. ह्या वाक्याला नेहमी टाळ्या पडतात. पुण्यात पडल्या, मुंबईत पडल्या, परदेशात भाषांतर होईपर्यंत थांबून पडल्या.

आणि अडकण्याच्या आदल्या संध्याकाळी इथं, बनारसात, मंडळाच्या सभागृहात पडल्या. आत्या दुसऱ्या रांगेत बसली होती. वाक्य तोंडातून निघून गेल्यावर ती मला दिसली, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ती आधीपासून दिसत होती. नवी नऊवारी नेसली होती, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. मी तिच्याकडे बघत बघतच थांबलो आणि म्हणालो, "अनाम स्त्रियांनी." लोक टाळ्या वाजवू लागले. तिनंही वाजवल्या. शेजारच्या बाईनं तिच्याकडे बघून वाजवल्या म्हणून, शिष्टाचार म्हणून, दोनदा.

मग जोशीजींनी जाहीर केलं की शाल इथल्या सर्वांत ज्येष्ठ मराठी महिलेच्या हस्ते दिली जाईल. आत्याला दोघांनी धरून वर आणलं. तिनं माझ्या अंगावर शाल घातली. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. लोकांना ते फार आवडलं. एवढा मोठा माणूस एका अनोळखी म्हातारीच्या पाया पडतो! त्यांच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हतं की ही माझी आत्या. जोशीजींनाही नाही. मी उतरलो होतो हॉटेलात. घरी जेवायला जातो असं सांगितलं होतं, कोणाच्या ते सांगितलं नव्हतं. माईक माझ्या तोंडापासून वीतभर लांब होता. तिनंही तो मागितला नाही. साहेबांच्या बायकोला अंगण घेऊन यायला सांगणारी ती बाई एक शब्द बोलली असती तर माझं सगळं भाषण तिथल्या तिथं केराच्या सुपलीत गेलं असतं. ती शालीची घडी माझ्या खांद्यावर नीट करून, जिना सांभाळत खाली उतरली.

घरी जाताना बोळात तिनं माझा दंड धरला होता.

"अनाम म्हणजे काय रे?"

"म्हणजे... ज्यांची नावं ठाऊक नाहीत, अशा."

"कोणाला?"

समोरून सांड आला. बनारसमध्ये सांड आला की बोलणं थांबवून भिंतीला चिकटायचं असतं. आयुष्यात प्रथमच मला सांडाचे आभार मानावेसे वाटले. तो सावकाश गेला. ती म्हणाली, "चल. पैर दुखतायत."

स्वयंपाकघराच्या भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं. माझंच चित्र. वर्ष उलटून गेलं होतं तरी काढलं नव्हतं. तिनं मला आंबेडाळ वाढली. हात थरथरत होता, डाळ ताटाबाहेर सांडली. तिनं ती बोटांनी गोळा केली, पुन्हा वाढली आणि कॅलेंडरकडे न बघता म्हणाली, "छत्रीचा दांडा तिरका काढलायस. हवा आली की पडेल ती."

एवढंच.

तर आता मी कोपऱ्यात उभा होतो. ऊन तुळशीवरून सरकून माझ्या डोक्यावर आलं होतं. समोर सूर्य, चंद्र, कासव, हत्ती, आणि अंगणाच्या बरोबर मधोमध, दारातून उत्तम दिसेल अशी, छत्री. उपस्थित मंडळी अदबीनं शांत होती. नम्रतेची मला इतकी सवय की 'मी अडकलोय' हे तीन अक्षरी सत्य ओरडून सांगणं मला जमेना. तीन अक्षरी नव्हे, पण तेवढंही मोजायची शुद्ध नव्हती. डोळ्यांपुढे पांढऱ्या रेघा हलायला लागल्या. मी तुळशीच्या कट्ट्याला हात टेकला.

"सर भावुक झालेत," जोशीजी माईकवर म्हणाले.

तेव्हा आत्या उठली. काठी घेतली, दुसऱ्या हातात पन्ह्याचा पेला घेतला, आणि निघाली. मला वाटलं, दारापाशी थांबेल. कोणाला तरी झाडू आणायला सांगेल. ती थांबली नाही. तिनं पाय उचलला आणि सरळ सूर्यावर ठेवला.

दारातून कोणीतरी "अरे, अरे, बुआजी!" म्हणालं. ती चालत राहिली. अनवाणी, सावकाश, एकेक पाऊल पुरतं टेकवत. चंद्र गेला. कासव गेलं. छत्री आली तेव्हा वळसा घालायला जागा होती. तिनं घातला नाही. दांड्यावर पाय दिला, काठी टेकवली, पुढे आली. आयुष्यभर जिनं काढलेल्यावर कोणाला पाय ठेवू दिला नाही, ती माझ्यापुढे उभी होती आणि तिच्या मागे दारापर्यंत गेरूत उमटलेली पावलं होती.

"आधी पी."

मी प्यालो. वेलदोडा, गूळ, कैरी.

"आत्या," मी म्हणालो, "मी आत्ता सगळ्यांना सांगतो. जोशीजी, जरा माईक..."

"माईकवर नको." तिनं पेला काढून घेतला. "माईकवर कालच बोललास."

आणि माझा हात धरून, आली त्याच पावलांवरून, तिनं मला बाहेर नेलं. मी तिच्या पावलांत पाय ठेवत गेलो. हे फोटोत फार छान आलं.

दुसऱ्या दिवशीच्या हिंदी पेपरात तो फोटो होता. पेला पुढे करणारी ती, कट्ट्याला टेकलेला मी. मी सकाळीच हॉटेलातून बोळात पोचलो तेव्हा आत्या चष्मा लावून, बोट ठेवून खालची ओळ वाचत होती: "प्रख्यात चित्रकार को आम का पना पिलातीं एक स्थानीय वृद्धा."

हे असं लिहायला मीच त्या पेपराला शिकवलं होतं.

"वृद्धा बरोबर आहे," ती म्हणाली. "स्थानीय पण बरोबर." मग तिनं तो पेपर मोढ्याखाली, गेरूचे डाग पडू नयेत म्हणून, पसरला. "झाडू कुठंय ठाऊक आहे ना?"

मी अंगण झाडलं. कालचे हत्ती, तिची पावलं, माझी पावलं, सगळं सुपलीत आलं. पाणी मारलं. गेरूचा हात फिरवला. गुडघे कुरकुरत होते. मंगळागौरीची घंटा वाजत होती, खाली कोणी नावाडी दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा प्रेमानं उद्धार करत होता. आत्या दारात मोढ्यावर बसली.

"कुठून?" मी विचारलं.

"ते काढताना विचारायचं म्हणाले होते ना मी? विचारलंस. तुळशीपासून."

मी तिच्याकडे पाठ करून बसलो आणि मागे सरत काढू लागलो. माझं तोंड भिंतीकडे होतं. बघायला कोणी नव्हतं. असतं तरी त्याला माझी पाठच दिसली असती. कासव जरा फुगलं. नाग बरा आला. कडुलिंबाचा मोहर ओल्या गेरूवर पडत होता, तो मी उचलला नाही. बऱ्याच वेळानं माझ्या पाठीला तिचे गुडघे लागले.

"सरक," ती म्हणाली.

पाळण्याच्या वर मी जागा सोडली होती. तिनं ती पाहिली. काठी माझ्याकडे दिली, मोढ्यावरून वाकली, चिमूट भरली आणि श्वास धरला. मीही धरला. दांडा वरून निघाला, मध्ये हलला, बाजूला गेला, पुन्हा आला आणि कसाबसा खाली टेकला. माझ्या कुठल्याही चित्रातल्या दांड्यापेक्षा तो वाकडा होता. आम्ही श्वास सोडला.

तिनं मान मागे घेऊन बघितलं. "छान झालंय," ती म्हणाली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली एक बाई कळशी घेऊन बोळातून वर आली आणि दारात थांबली. "अरे वाह, बुआजी! किसने बनाया?"

ह्या प्रश्नाच्या उत्तराची मी पहाटेपासून तयारी केली होती. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, छत्रीच्या हकिकतीसकट. मी घसा साफ केला.

"मैंने," आत्या म्हणाली. मग हनुवटीनं माझ्याकडे दाखवून, "ये साथ में बैठा था."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. गेरूनं माखलेले हात, खांद्यावर पंचा. ती हसली, "अच्छा" म्हणाली, आणि कळशी दुसऱ्या कडेवर घेऊन आपल्या दाराकडे वळली.

ती माझं नाव विचारेल म्हणून मी सुपली हातात धरून थोडा वेळ तिथंच उभा राहिलो होतो.